दत्ताने परत फेकलेला बॉल

आमच्या दत्ताला बोलायचा कंटाळा आहे. कामाचा नाही हं, कामाला वाघ आहे तो. इथे सिडनीत, पॅरामॅटाला सरकारी ऑफिसात, पुलांची तपासणी करणाऱ्या विभागात असतो, आणि तिथे मीटिंगमध्ये म्हणे तास तास बोलतो. पुलांबद्दल. घरी आला की त्याचे शब्द ठरलेले. ‘बरं’, ‘असू दे’ आणि ‘जेवायला काय आहे’. मी दादरची. आमच्याकडे चहात साखर कमी पडली तरी त्यावर अर्धा तास चर्चा व्हायची. लग्न होऊन चिंचवडला गेले, तर अण्णा म्हणजे माझे सासरे, दीर आणि नवरा असे तिघे जण एका टेबलावर बसून अवाक्षर न काढता जेवतायत! मला वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालंय की काय. मग हळूहळू कळलं, छे, सगळे मजेत आहेत. त्यांची तऱ्हाच तशी.

दत्तप्रसाद असं भारदस्त नाव ठेवलंय त्याचं, पण ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, रविवारच्या क्रिकेटला, सगळीकडे तो दत्ताच. नवीन आलेल्या कुणालाही एअरपोर्टवरून आणायला जातो. शेजारच्या घरातला गळका नळ न सांगता दुरुस्त करून येतो. पन्नाशीच्या पुढच्यांच्या टीममध्ये रविवारी सकाळी क्रिकेट खेळतो आणि दुपारी गुडघ्याला बर्फ लावून बसतो. खायला काहीही द्या, खूश. म्हणजे माणूस लाखात एक, फक्त मनात काय चाललंय ते विचारू नका. विचारलंत तरी सांगणार नाही.

आमची उर्वी एकुलती एक. फिजिओथेरपी शिकली आणि नोकरी लागली ती ॲडलेडला. तिथे एक मुलगा दुखरा खांदा घेऊन तिच्या क्लिनिकमध्ये आला. नाव कॅलम. खांदा बरा झाल्यावर, म्हणजे पेशंट उरला नाही तेव्हाच, त्याने तिला कॉफीला विचारलं. हे ‘तेव्हाच’ उर्वीने मला तीनतीनदा बजावून सांगितलंय. कॅलम इलेक्ट्रिशियन आहे, इकडच्या भाषेत स्पार्की. आणि उन्हाळ्यात ॲडलेडच्या टीमकडून बेसबॉल खेळतो. खेळतो म्हणजे, उर्वीच्या शब्दांत सांगायचं तर, बहुतेक वेळा बाकावर बसतो.

दिवाळीला उर्वी सिडनीला आली. फराळाला बसलो होतो तेव्हा तिने सांगून टाकलं. “बाबा, कॅलम आणि मला एंगेज व्हायचंय. तुला काय वाटतं?” दत्ताने हातातली चकली मोडली, “बरं” म्हणाला, आणि उठून गाडीच्या वायपरमध्ये पाणी भरायला निघून गेला. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! पोरीने जन्माचा प्रश्न विचारला आणि हा माणूस बॉनेट उघडून उभा. मी मागोमाग गेले, म्हटलं, अरे तिला काहीतरी उत्तर दे. तर म्हणतो, “दिलं की.”

त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. उर्वी दर आठवड्याला फोनवर विचारायची, “बाबा काही बोलला?” मी म्हणायचे, नाही गं. एकदा म्हणाली, “तो स्पार्की आहे म्हणून आहे का हे? की मराठी नाही म्हणून? सांग ना, आई. मी लग्न करीनच त्याच्याशी. पण बाबाच्या मनात नसताना केलं तर मला ते आयुष्यभर लागेल.” त्यात तो कॅलम त्याच्या परीने जुन्या वळणाचा. तुझा बाबा हो म्हणेपर्यंत मी अंगठी आणणार नाही, म्हणाला. झालं! एक हो म्हणत नाही, दुसरा पुढे सरकत नाही, आणि मधे माझी पोरगी झुरतेय. मी दत्ताला खोदून खोदून विचारलं. तो कानात इअरफोन घालून फोनवर काहीतरी बघत बसायचा. मला चुकवण्यासाठीच बसतो, असं मला वाटायचं, आणि मी आणखी चिडायचे.

जानेवारीत उर्वीने फोन केला. म्हणाली, इकडे या वीकेंडला. कॅलमची मॅच आहे, कदाचित त्याला खेळवतील. त्याची आईही भेटेल, शहरही बघाल. दत्ताने त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. ही चांगली खूण की वाईट, मला काही कळेना. बघून नापास करायला निघालाय की काय, अशीही शंका येऊन गेली.

विमानात बसलो आणि गडी चक्क बोलायला लागला. “हे बघ मेधा, बोलर असतो ना, त्याला इथे पिचर म्हणतात. पिचवर टप्पा नाही पडत, सरळ फुलटॉस. तीन चुकले की बॅट्समन आऊट. आणि मारल्यावर बॅट टाकून पळायचं हं, घेऊन नाही पळायचं.” हातांनी दाखवत होता. खिडकीतल्या बाईच्या कॉफीला धक्का लागला. मी विचारलं, तुला रे हे सगळं कुठून माहीत? तर म्हणे, व्हिडिओ बघितले. म्हणजे इतके दिवस इअरफोन घालून साहेब बेसबॉल शिकत होते! मला हसू आलं, आणि जीवही जरा भांड्यात पडला. पण शिकणं म्हणजे हो नव्हे, हेही कळत होतं.

ॲडलेडला उतरल्यावर घड्याळ अर्धा तास मागे करायचं असतं. दत्ताला ते फार आवडलं. भारताच्या वेळेतही अर्ध्या तासाची शेपटी आहेच, त्यामुळे शहर त्याला उतरल्या उतरल्या आपलं वाटलं. उर्वी कामावर होती, म्हणून दोघेच सेंट्रल मार्केटला गेलो. काय बाजार आहे हो! एकीकडे चीजचे गोल गठ्ठे, पुढे ऑलिव्हची पिंपं, त्याच्या पुढे आंबे. दत्ताने हातात आंबा घेतला, वास घेतला, आणि काही न बोलता परत ठेवला. मराठी माणसाला परदेशी आंब्याबद्दल जे म्हणायचं असतं ते सगळं त्यात आलं. मग त्याने पाय फ्लोटर खायचं ठरवलं. पाय म्हणजे आपला पाय नव्हे हं, आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री, इथे ती सूपमध्ये बुडवून देतात. ते कुठे मिळतं हे विचारत आम्ही चार गल्ल्या फिरलो. शेवटी एका जुन्या बेकरीत सापडलं. बीफ नको म्हणून पालक आणि चीजचा पाय मागून घेतला. एका बशीत हिरव्या वाटाण्याचं दाट सूप, त्यात मधोमध तो पाय पालथा घातलेला, आणि वरून टोमॅटो सॉस. दत्ता पहिला घास घेऊन थांबला. “अगं, हा तर रगडा-पॅटिस!” म्हणाला. आणि खरंच की! वर शेव आणि कांदा भुरभुरला असता तर चौपाटीवर खपला असता. मग हिरव्या बेडकाच्या आकाराचा एक केक मिळतो तिथे, तोही त्याने खाल्ला. बेडकाचं तोंड आधी खाऊ की पाठ, यावर मात्र बराच विचार केला.

शनिवारी सकाळी उर्वी आली आणि आम्ही तिघं ट्रामने ग्लेनेलगला गेलो. ट्राम शहरातून निघते आणि थेट समुद्रावर नेऊन सोडते. धक्क्यावर पोरं उड्या मारत होती. उर्वीने किंग जॉर्ज व्हायटिंग नावाचा मासा खायला घातला, बटरमध्ये परतलेला. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि खुर्चीतच ताठ झाले. अहो, ही तर आपली मुडदुशी! तीच गोडी, तोच मऊपणा. इतकी वर्षं या देशात मी सॅमन खात बसले आणि माझी मुडदुशी इथे राजाचं नाव लावून बसली होती. मी दुसरी प्लेट मागवली. दत्ता माझ्याकडे बघून हसत होता. उर्वीही हसत होती, पण मधेच त्याच्याकडे बघायची, तो आता काही म्हणेल म्हणून. तो म्हणाला, “लिंबू दे.”

मॅच दुपारची होती, समुद्राजवळच्या मैदानावर. समोर पर्थची टीम. स्टँडमध्ये खुर्च्या होत्या, पण दत्ताला फिल्डिंग लांबूनच बघायची असते. म्हणून आम्ही कुंपणापलीकडच्या गवताच्या उतारावर बसलो. तिथे कॅलमची आई भेटली. शेरिल तिचं नाव, शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. नवरा लांब उत्तरेत खाणीवर असतो, तो तेव्हा घरी नव्हता. ठसठशीत बाई. मी सिडनीतल्या हॅरिस पार्कहून, आपल्या लोकांच्या बाजारातून नेलेली भाकरवडी तिला दिली. तिने एक खाल्ली, डब्याकडे बघितलं, आणि डबाच मांडीवर घेतला. मला ती तिथल्या तिथे आवडली. दत्ताने तिला पिचर कसा थकत चाललाय ते समजावून सांगितलं. तिने त्याच्याकडे आश्चर्याने बघितलं. उर्वीने तर माझा हातच दाबला. वाटलं, जमतंय. आज जमतंय.

कॅलमला शेवटी शेवटी खेळायला पाठवलं. शेरिल लगेच उठून उभी राहिली आणि तिने फोनवर शूटिंग सुरू केलं. उर्वीने डोळे मिटले. पहिला बॉल चुकला. दुसराही चुकला. “घाई करतोय,” दत्ता पुटपुटला. तिसऱ्या बॉलला असा काही आवाज आला की मला खेळातलं काही कळत नसूनही कळलं. बॉल उंच गेला, आणखी उंच गेला, आणि थेट आमच्याकडे यायला लागला. होमरन! म्हणजे आपल्याकडची सिक्सर, फक्त इथे ती मारल्यावर बॅट्समनने चारही बेसना, म्हणजे मैदानातल्या चार खुणांना, पाय लावत फेरी मारायची असते. कॅलमची या लीगमधली अगदी पहिली.

“माझाऽऽ!” दत्ता मराठीत ओरडला. लोक बाजूला झाले. दुखऱ्या गुडघ्याचा, पन्नाशी उलटलेला माझा नवरा उतारावर उलटा चार पावलं धावला, दोन्ही हात वर केले, आणि तो दगडासारखा बॉल हातमोजा नसताना छातीशी पकडला. काय टाळ्या पडल्या! काय शिट्ट्या! शेजारची अनोळखी माणसं त्याची पाठ थोपटत होती. मला इतका अभिमान वाटला, की मी टाळ्या वाजवायचंही विसरले.

आणि पुढच्या क्षणी त्याने वळून तो बॉल सगळा जोर लावून मैदानात परत फेकला.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या माणसाला यात काय खटकणार? मलाही काही खटकलं नाही. बॉल प्रेक्षकांत आला की परत द्यायचा, नाहीतर खेळ अडून राहतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ते अंगातच असतं. पण सगळ्या उतारावरून “ओऽऽऽ” असा आवाज आला. कॅलम दुसऱ्या बेसच्या पुढे नुकताच निघाला होता, हात वर करून, हसत. त्याच्या पायांसमोर त्याचाच बॉल येऊन पडला. तो थबकला. त्याने बॉलकडे पाहिलं, मग आमच्या दिशेला पाहिलं. कुणी फेकला ते त्याला दिसलं. मग हात खाली घेऊन तो बाकीचं धावला.

नाकाला पांढरं सनस्क्रीन फासलेला एक म्हातारा दत्ताला म्हणाला, “मेट, परत फेकायचा तो समोरच्या टीमचा. आपल्या पोराचा नाही.” त्यानेच मग सगळं सांगितलं. समोरच्यांनी होमरन मारला तर बॉल परत फेकतात, म्हणजे तुमचं आम्हाला काही नको, असा त्याचा अर्थ. आणि खेळाडूचा पहिला होमरन असेल तर तो बॉल सांभाळून त्याला नेऊन देतात, तो जन्मभर ठेवतो. म्हणजे होणाऱ्या सासऱ्याने भर मैदानात सगळ्यांच्या देखत पोराला सांगितलं होतं, तुझं आम्हाला काही नको! शेरिलने फोन खाली घेतला. सगळं त्यात आलं होतं.

“बाबा, व्हाय वुड यू डू दॅट?” उर्वीचा आवाज चिरकला.

“अगं, खेळ थांबला असता ना...” दत्ता म्हणाला. ती उठून निघून गेली.

मॅच संपल्यावर दत्ता पर्थच्या टीमकडे तो बॉल मागायला गेला. मी बरोबर होते. त्यांच्या फिल्डरने तो उचलून वापरलेल्या बॉलच्या बादलीत टाकला होता. बादलीत ढीगभर बॉल, सगळे सारखेच मळलेले. दत्ता खाली बसून एकेक हातात घेऊन बघत राहिला. त्या पोरांना दया आली. म्हणाली, कुठलाही घेऊन जा, त्याला काय कळणार आहे? दत्ता उठला. “नको,” म्हणाला, “खोटा कसा देऊ?” आणि रिकाम्या हाताने परत आला. त्याचा तळवा लालभडक सुजला होता, त्याचंही त्याला भान नव्हतं.

शेरिलकडे जेवायला जायचं आधीच ठरलेलं होतं. गेलो. मागच्या अंगणात बार्बेक्यूवर मक्याची कणसं होती, मासे होते, सगळं होतं. दत्ताने कॅलमसमोर जाऊन माफी मागितली. “नो वरीज, मेट,” कॅलम म्हणाला, जरा जास्तच पटकन. “इट्स ओन्ली अ बॉल, लव्ह,” शेरिल म्हणाली. सगळे इतकं गोड बोलत होते की मला घास उतरेना. हे गोड बोलणं मला चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे व्याही रुसले की असेच “अहो, काही नाही हो” म्हणतात. मी हात धुवायला नळाकडे गेले, तर कुंपणापाशी उर्वी आणि कॅलम उभे होते. कॅलम म्हणत होता, “त्याला मी नकोय, उर्व. इतके दिवस गप्प होता, आज निदान सांगितलं तरी.” उर्वी नुसती रडत होती.

निघालो तेव्हा अजून उजेड होता, समुद्राच्या बाजूला सूर्य दिसत होता. भाड्याच्या गाडीत बसलो आणि माझा बांध फुटला. मी कॅलमचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. दत्ताने गाडी कडेला घेतली.

“मी त्याला नको कधी म्हटलं?” तो म्हणाला.

“मग हो कधी म्हटलंस?”

“नको म्हटलं नाही म्हणजे होच की!” तो म्हणाला. अगदी मनापासून. “मेधा, आमच्या घरात काय पद्धत आहे तुला माहीत नाही? काही पटलं नाही तर माणूस बोलतो. पटलं असेल तर कशाला बोलायचं? मी अमेरिकेला शिकायला जातो म्हणालो तर अण्णा तासभर बोलले. तुझ्याशी लग्न ठरलं तेव्हा एक शब्द बोलले का? मी ‘बरं’ म्हणालो की तिला. तिने विचारलं, मी बरं म्हणालो. मला वाटलं, झालं.”

मला हसावं की रडावं कळेना. खरंच सांगते, इतका राग आला होता, की तो एकदम कुठे गेला तेच समजेना. “अरे शहाण्या,” मी म्हटलं, “ती पोरगी दिवाळीपासून तुझ्या तोंडाकडे बघतेय. तो पोरगा अंगठी घ्यायचा थांबलाय. चिंचवडची पद्धत ॲडलेडच्या पोराला कशी कळणार? मला कळायला दहा वर्षं लागली! तोंड दिलंय ना देवाने? जेवायलाच दिलंय का नुसतं?”

त्याने गाडीचं इंजिन बंद केलं. “त्याला असं वाटतंय?” एवढंच दोनदा म्हणाला. मग तिथूनच त्याने कॅलमला फोन लावला. म्हणाला, उद्या सकाळी बॅट आणि बॉल घेऊन तुमच्या घराजवळच्या पार्कात ये. कॅलम म्हणाला, ओके. दुसरं काय म्हणणार बिचारा?

रविवारी सकाळी पार्कात आम्ही चौघंच होतो, आणि लांब कुत्री फिरवणारी दोनतीन माणसं. उर्वीने गॉगल लावला होता, डोळे सुजले होते म्हणून. दत्ता लांब झाडांपाशी जाऊन उभा राहिला आणि ओरडला, “हिट इट टू मी!” कॅलमने उर्वीकडे पाहिलं, तिने खांदे उडवले. तो मारायला लागला. एक बॉल दत्ताच्या डोक्यावरून गेला. एक झाडात अडकला. एकासाठी तो आडवा झाला आणि पँट गुडघ्यावर फाटली. मी ओरडले, “अरे हाडं मोडशील! उद्या ऑफिस आहे!” तो ऐकतोय थोडाच! सुजलेल्या हाताने उठायचा, बॉल आणून द्यायचा, परत झाडांपाशी जायचा. कॅलमही हट्टाला पेटला. घामाने दोघे निथळत होते.

शेवटी एक बॉल उंच आला आणि दत्ताने तो धरला. दोन्ही हातांनी. कॅलम आनंदाने ओरडत धावत गेला. दत्ता धापा टाकत होता. त्याने बॉल पँटच्या खिशात घातला आणि खिशावर हात ठेवला. “धिस वन आय अॅम नॉट गिव्हिंग बॅक,” म्हणाला.

कॅलम हसला. “ठेव ना, दत्ता, प्रॅक्टिसचाच बॉल आहे,” म्हणाला. त्याला काही समजलं नव्हतं. दत्ताने माझ्याकडे पाहिलं. हे त्याचं नेहमीचं आहे. अडलं की माझ्याकडे बघायचं, म्हणजे मी बोलते.

“माझ्याकडे काय बघतोस?” मी म्हटलं. “आज मी नाही बोलणार. तुझं तू बोल.”

उर्वीने गॉगल काढला. दत्ताने दोनदा घसा साफ केला. पुलांबद्दल त्याला इंग्रजीत तासभर बोलता येतं, पण तिथे एक वाक्य सुचेना. मग तो मराठीतच बोलायला लागला, कॅलमकडे बघून, जणू त्याला सगळं समजतंय.

“बाळा, मला तू आवडतोस. पहिल्यापासून आवडतोस. उर्वी एवढ्या लांब एकटी राहायला आली, तेव्हापासून मला नीट झोप नव्हती. रात्री उठून फोन बघायचो. तू आलास, तिने तुझ्याबद्दल सांगितलं, आणि मला झोप लागायला लागली. तू आहेस तिच्याजवळ म्हणून लागते. तू अंगठी घेऊन ये. आणि काल मी जे केलं ते मला माहीत नव्हतं म्हणून केलं.”

“काय म्हणाला?” कॅलमने उर्वीला विचारलं. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. शेवटी मीच त्याला इंग्रजीत सांगितलं, एकेक वाक्य. झोपेचं सांगताना माझाही आवाज गेला, कारण हे मलाही माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी त्याच्या शेजारी झोपतेय, आणि तो रात्री उठून फोन बघतो हे मला कळलं नव्हतं. कॅलमने टोपी काढली आणि चेहऱ्यावर धरली. त्याचे खांदे हलत होते.

उर्वी धावत येऊन दत्ताला बिलगली. “बाबा, हे तू दिवाळीलाच का नाही म्हणालास?”

“कसं म्हणणार?” दत्ता म्हणाला. “म्हणालो असतो तर रडलो असतो ना गं,” आणि एवढं म्हणता म्हणता तो रडलाच.